हा फोटो कुठल्या बोटीवरचा? (आजोबा, नौदल, १९४१ ते ४७ मधला कधीतरी)

ताम्हण
नमस्कार. पाच-सहा वर्षं इथे वाचनमात्र आहे. पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

जुनी ट्रंक आवरताना आजोबांचा (बाबांचे वडील) एक फोटो सापडला. पत्त्याएवढा, त्याहून किंचित लहानच. धक्क्यावर चार खलाशी उभे आहेत, पांढरे कपडे, गोल टोप्या. डावीकडून दुसरे आजोबा. मागे राखाडी बोट, पुढचा भाग आणि धुराड्यापर्यंतच दिसते. धुराडं एक. पुढे दोन तोफा, एक खाली आणि तिच्यामागे दुसरी जरा वरच्या पायरीवर. बोटीच्या अंगावर मोठ्या अक्षरात काहीतरी रंगवलंय: आधी एक उभी रेघ, मग नेमकं चौथ्या खलाशाचं डोकं आडवं येतं, आणि मग इंग्रजी यू. निशाण आहे पण वारा नसावा, लोंबतंय.

आजोबा १९४१ ला भरती झाले आणि १९४७ ला घरी आले, एवढं नक्की. ते 'तलवार' बोटीवर होते आणि ४६ च्या नाविकांच्या बंडात होते, असं घरात लहानपणापासून ऐकत आले आहे. ही तलवारच का, एवढं कोणी सांगेल का? मोबाईलवर काढलेला फोटो डकवते आहे. मागे पेन्सिलीनं एक ओळ आहे, मोडी असावी.

तोफखाना
ताई, मिठाई वाटा. ही आयएनएस दिल्ली! पूर्वाश्रमीची अकिलीज. १३ डिसेंबर १९३९ ला रिव्हर प्लेटच्या लढाईत ग्राफ श्पे या जर्मन युद्धनौकेला भिडलेल्या तिघींतली एक. एकच धुराडं, पुढे दोन तोफमनोरे एकावर एक. शंभर टक्के.

उगाचच
जाणकारांच्या प्रतीक्षेत खुर्ची टाकून बसलो आहे.

डोलकाठी
तोफखाना, उत्साह समजला, पण दिल्ली आपल्या नौदलात आली ५ जुलै १९४८ ला. आजोबा ४७ ला घरी. तिथेच विषय संपतो.

तारीख बाजूला ठेवली तरी फोटोच नाही म्हणतोय. जुन्या फोटोत बोट ओळखताना सगळ्यात भरवशाची फूटपट्टी म्हणजे समोर उभा असलेला माणूस. आजोबा साडेपाच फूट धरा. त्यांच्या टोपीच्या वर जेमतेम आणखी एक माणूस मावेल, तिथे डेक सुरू होतं. दिल्ली साडेपाचशे फुटांहून लांब, सात हजार टनांची क्रूझर. तिच्याशेजारी धक्क्यावर उभं राहिलं की भिंतीशी उभं राहिल्यासारखं वाटतं, मान वर करावी लागते. शिवाय तिच्या सहा इंची तोफा चारी बाजूंनी बंद मनोऱ्यात असायच्या. इथे तोफेला पुढून नुसती ढाल दिसतेय, मागून उघडी. ही लहान बोट आहे, तीनशे फुटांच्या आसपासची. आरमारी भाषेत स्लूप.

आता तलवार. हे सांगताना जरा जड जातंय. त्या काळात एचएमआयएस (हिज मॅजेस्टीज इंडियन शिप) तलवार नावाची बोट नव्हतीच. ते कुलाब्यातलं जमिनीवरचं ठाणं, संदेशवहनाची शाळा. ब्रिटिश पद्धतीत किनाऱ्यावरच्या ठाण्यांनाही जहाजासारखंच नाव द्यायचे, अजूनही देतात. लोणावळ्याचं शिवाजी घ्या, समुद्र दिसत नाही तिथून, पण आयएनएस आहे. १८ फेब्रुवारी १९४६ ला बंडाची ठिणगी पडली ती या तलवारमध्ये. तलवार नावाची खरी बोट, फ्रिगेट, ताफ्यात आली १९५९ साली.

तोफखाना
शंभर टक्क्यांतले नव्वद परत घेतो.

उगाचच
दहा कशाचे ठेवले?

खाडीपलीकडे
वाखूसा (वाचनखूण साठवली). आमच्याकडे रत्नागिरीच्या बाजूला घरटी एक माणूस 'बोटीवर' असायचा. आरमार असो, मालवाहू असो नाहीतर कोळशाची असो, घरच्यांच्या लेखी सगळं बोटीवरच. माणूस कागदोपत्री जमिनीवर असला तरी पत्र यायचं ते बोटीच्या नावानं. तेव्हा तुमच्या घरच्यांनी खोटं काही सांगितलं असं समजू नका.

ताम्हण
सगळ्यांचे आभार. बाबांना वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, जेवताना गप्पच होते. दर १५ ऑगस्टला शेजाऱ्यांना सांगायची गोष्ट होती ती त्यांची.

मागच्या ओळीचा फोटो देते आहे. मधला भाग पुसट झालाय, बोट फिरवल्यासारखा.

बोरू
मोडीच आहे, आणि हात चांगला आहे, शाळेत घोटून घेतलेला. पहिला शब्द 'जमने' पर्यंत अगदी स्वच्छ. पुढे पुसलंय. शेवटी 'र' दिसतो. नंतर 'मुंबई'. माझ्या अंदाजानं 'जमनेबरोबर, मुंबई'.

उगाचच
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

ताम्हण
उगाचच, तुमचा प्रतिसाद काढायच्या आधी वाचला मी. :) राग नाही.

पण आता सांगूनच टाकते. आजीचं नाव जमना नव्हतं. फोटोत चारही पुरुष आहेत, पण तो काढणारी कोणी असू शकते, असं आत्याचं म्हणणं. आत्याला विचारलं तर ती एकदम म्हणाली, "ते नाव काढू नकोस." आजोबा म्हातारपणी कधीतरी "जमनेवर असताना" असं काहीतरी सुरू करायचे आणि आजी भांडी आपटत आत जायची. आत्याच्या डोक्यात तिच्या लहानपणापासून ही जमना म्हणजे मुंबईची कोणी बाई. आजीच्याही डोक्यात तेच असणार. फोटो ट्रंकेच्या तळाशी, वर्तमानपत्राखाली होता, तो का, ते आता कळलं. धाग्याचं काश्मीर (न संपणारा वाद) करू नका प्लीज, बोटीवरच राहू या.

काळोखी_खोली
बोटीवरच राहू या.

मोबाईलच्या फोटोवरून काही होणार नाही, तुमच्याच सावलीनं उजवा कोपरा खाल्लाय. फ्लॅटबेड स्कॅनर मिळवा, १२०० डीपीआयवर, रंगीतच स्कॅन करा (फोटो कृष्णधवल असला तरी; पिवळेपणा आणि डाग वेगळे करता येतात). 'आपोआप सुधारा' बंद. मागची बाजूही तशीच स्कॅन करा, आणि ती पेन्सिल कृपा करून ओल्या फडक्यानं पुसू नका. हा बहुतेक थेट निगेटिव्हच्या मापाचा छाप आहे, मोठा करून काढलेला नाही. अशा छापात डोळ्याला दिसतं त्याहून बरंच काही दडलेलं असतं.

तोफखाना
तोवर मी एक काम केलं. ताईंचा फोटो एका एआय साधनात टाकून स्वच्छ आणि रंगीत करून घेतला. बघा, आकडा आता लख्ख वाचता येतोय: १८ यू.

काळोखी_खोली
तोफखाना, मधला आकडा माणसाच्या डोक्यामागे आहे. तुमच्या यंत्रानं डोकं बाजूला सारून वाचला का? ही साधनं न दिसणाऱ्या जागी पटेल असं काहीतरी रंगवून देतात. त्यानं आजोबांना मिशीही दिलीय. मूळ फोटोत मिशी नाही.

ताम्हण
मिशी बघून बाबा हसले, तेवढा फायदा झाला.

डोलकाठी
स्कॅन येईपर्यंत जे हाती आहे त्यावर बोलतो. खरं तर मला दोन दिवस एक गोष्ट छळतेय.

युद्धकाळात बोटीच्या अंगावर नाव नसायचं, पेनंट क्रमांक असायचा. अक्षर बोटीचा प्रकार सांगायचं. स्लूपना यू, सुरुंग काढणाऱ्यांना जे, रिव्हर वर्गातल्या फ्रिगेटना के. म्हणजे यू दिसणं माझ्या स्लूपच्या अंदाजाशी जुळतं. वरच्या तोफेच्या ढालीतून मला दोन नळ्या जोडीनं बाहेर आल्यासारख्या वाटतात, म्हणजे चार इंची जोडतोफ. रॉयल इंडियन नेव्हीत अशा सहा सख्ख्या-चुलत बहिणी होत्या: सतलज, जमना, नर्मदा, गोदावरी, कृष्णा, कावेरी. सगळ्या ब्रिटनमध्ये बांधलेल्या, १९४१ ते ४३ मध्ये ताफ्यात आलेल्या. फाळणीत नर्मदा आणि गोदावरी पाकिस्तानकडे गेल्या.

छळणारी गोष्ट ही, की अक्षर नेहमी आधी असतं आणि आकडा नंतर. तुमच्या फोटोत आकडा आधी, यू शेवटी. असं मी कुठेच पाहिलेलं नाही.

(हो, यादीत जमना आहे, मला दिसतंय. नावावरून बोट ओळखायची नसते, बोटीवरून नाव ओळखायचं असतं. घाई नको.)

तोफखाना
क्रमांक सापडले: सतलज ९५, जमना २१, नर्मदा ४०, गोदावरी ५२, कृष्णा ४६, कावेरी १०. फोटोत पहिला आकडा १. एकानं सुरू होणारी एकटी कावेरी. या वेळी टक्केवारी सांगत नाही.

खाडीपलीकडे
म्हणजे जमना बाईच निघाली म्हणायची?

ताम्हण
अहो!!

स्कॅन झालं एकदाचं. दुकानात तो मुलगा आपणहून 'सुधारून' देत होता, त्याला हात जोडून थांबवलं. दोन्ही बाजू टाकल्या आहेत.

काळोखी_खोली
वा. आता मजा आहे. टोप्यांवरच्या फिती आणि बाह्या बघा सगळ्यांनी. मी मुद्दाम बोलत नाही.

डोलकाठी
अरेच्चा.

आजोबांच्या बाहीवर व्हीच्या आकाराची पट्टी आहे. सद्वर्तनाची पट्टी, पहिली तीन वर्षं नीट नोकरी केली की मिळायची. ती डाव्या बाहीवर लावतात. ब्रिटिश पद्धतीत डावी बाही हुद्द्याची आणि पट्ट्यांची, उजवी बाही कामाच्या बिल्ल्याची. आजोबांची पट्टी उजव्या बाहीवर आहे. त्यांच्या शेजारच्याचीही उजव्या. दोन माणसं एकदम चुकत नाहीत, तीसुद्धा फोटोसाठी उभी राहताना.

काळोखी_खोली
आणि टोपीची फीत? मोबाईलच्या फोटोत ती नुसती काळी पट्टी होती. स्कॅनमध्ये पहिल्या खलाशाच्या टोपीवर अक्षरं सुटी झालीत. युद्धात शत्रूला कळू नये म्हणून फितीवर बोटीचं नाव नसायचं, फक्त एच.एम.आय.एस. एवढंच. इंग्रजी एच, एम, आय ही तिन्ही अक्षरं आरशात धरली तरी तशीच दिसतात. फसवायला अगदी सोयीची! एकटा एस तेवढा उलटतो. ताम्हण, फितीवर एस कुठे आहे?

ताम्हण
डावीकडे. सगळ्यात पहिला. आणि... उलटा आहे.

अंगावर काटा आला.

काळोखी_खोली
फोटो उलटा छापलाय. निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून छापायची तर तिची रसायनाची बाजू कागदाकडे हवी. अंधारात, तांबड्या दिव्याखाली ती पालथी पडली की डावं-उजवं बदलतं, चित्र किंचित मऊही होतं. माझ्याकडून हे कितीदा झालंय ते विचारू नका. माणसांचे चेहरे उलटे झाल्याचं परक्याला कळत नाही, आणि बोटीवरही नेमकी कुठली अक्षरं होती? यू आणि १. यू आरशात यूच दिसतो. इंग्रजी एक म्हणजे नुसती उभी रेघ. कोणाला कळणार?

हा घ्या, सरळ करून डकवतो आहे.

डोलकाठी
आता वाचा. यू, मग डोकं, मग १. अक्षर आधी, आकडा नंतर, जसं असायला हवं तसं. माझे दोन दिवस वसूल.

सहांपैकी शेवटी १ असणारी एकच. यू २१. एचएमआयएस जमना.

उगाचच
उभा राहून टाळ्या. खुर्ची परत केली.

तोफखाना
माझ्या कावेरीला आरशानं मारलं. पण एक शंका. बोटीपुढे उभं राहिला म्हणून माणूस त्या बोटीचा होतो का? मीही विक्रांतपुढे फोटो काढलाय. धक्क्याला लागलेली दुसरी कुठली, एखादी ब्रिटिश स्लूपही असू शकेल.

डोलकाठी
तोफखाना, हा तुमचा या धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद. बरोबर आहे. यू अक्षराच्या ब्रिटिश स्लूपही त्या काळात हिंदी महासागरात फिरत होत्या. फक्त फोटोवरून मी "जमना असण्याची दाट शक्यता" एवढंच म्हणेन.

बोरू
आता माझी पाळी, आणि माझी चूकही. मागच्या बाजूचं स्कॅन मोठं करून पाहिलं. 'जमने' आणि 'र' यांच्या मधली पुसट जागा मी तीन अक्षरांची धरली होती, कारण माझ्या डोक्यात माणूस होता. मोजली तर तिथे एकच अक्षर मावतं. पेन्सिल उडालीय पण कागदावर दाब राहिलाय, स्कॅनच्या तिरक्या उजेडात कळतो. 'व' आहे.

'जमनेवर, मुंबई'.

आजोबांनी बोटीचं नाव मोडीत लिहून ठेवलं होतं आणि मी त्याची बाई करून ठेवली. ताम्हण, तुमच्या आत्याची माफी माझ्या वतीनं मागा.

खाडीपलीकडे
"जमनेवर असताना" हेही म्हणायचे ना ते? कोणी बाईवर असतो का हो? बोटीवर असतो. आमच्याकडे कोणीही लगेच ओळखलं असतं. आणि मीच वर विचारून बसलो, माझ्या तोंडाला कुलूप.

डोलकाठी
ताम्हण, बाबांसाठी थोडं लिहितो.

जमना स्कॉटलंडमध्ये डम्बार्टनला डेनी कंपनीच्या गोदीत बांधली, १९४१ मध्ये ताफ्यात आली. इंग्रजांच्या स्पेलिंगातली जम्ना, म्हणजे यमुना. खलाशांच्या तोंडी जमनाच. जुलै १९४३ मध्ये सिसिलीवर दोस्त फौजा उतरल्या तेव्हा सतलज आणि जमना या दोन हिंदी बोटी तिथे होत्या. १९४५ च्या सुरुवातीला ब्रह्मदेशात अराकानच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवताना जमनेच्या तोफा चालल्या, नर्मदेच्या जोडीनं. युद्धानंतर ती भारताकडे राहिली, नाव जमुना झालं, पुढे सागरी सर्वेक्षणाचं काम केलं.

फोटोचा काळ: आजोबा ४१ ला भरती, पट्टीला तीन वर्षं, म्हणजे ४४ च्या आधीचा नाही. सिसिलीच्या वेळी ते जमनेवर होते की नंतर आले, हे फोटो सांगणार नाही. ते नोकरीच्या नोंदीत मिळेल. खलाशांच्या नोंदी मुंबईत मानखुर्दला ब्यूरो ऑफ सेलर्सकडे असतात. सेवा क्रमांक लागेल. ट्रंकेत एखादं प्रमाणपत्र, पदकाचा डबा, मनीऑर्डरची पावती, काहीही असलं तर त्यावर बघा. पदकाच्या कडेवरही कोरलेला असू शकतो, भिंग लावून बघा.

आणखी एक, हे मघाशीच सांगायला हवं होतं. फोटो सरळ केल्यावर आजोबांच्या उजव्या बाहीवर बघा. पंख, आणि त्यांच्यातून गेलेली वीज. हा टेलिग्राफिस्टचा, म्हणजे बिनतारी संदेशवाल्याचा बिल्ला. आणि तलवार ही संदेशवहनाची शाळा होती. ते तलवारवर कधी ना कधी असणं अगदी शक्य आहे. बंडाच्या त्या आठवड्यात कुठे होते ते नोंदीतच कळेल, पण बाबांना म्हणावं, तलवार अजून म्यान करू नका.

ताम्हण
काय लिहू.

बाबांना स्कॅन लॅपटॉपवर मोठा करून दाखवला, ती वीज दाखवली. ते उठून गेले आणि पाच मिनिटांनी एक लाकडी पट्टी घेऊन आले. तिच्यावर पितळेची एक चपटी कळ ठोकलेली आहे, दाबली की टक टक वाजते. आम्ही लहानपणी तिच्याशी दुकान-दुकान खेळायचो, ते आमचं घंटी वाजवायचं यंत्र. माळ्यावर होतं इतकी वर्षं. बाबा म्हणाले, "तरीच ते पाटावर बसले की बोटं वाजवायचे."

सेवा क्रमांक अजून मिळालेला नाही. ट्रंकेच्या झाकणाला आतून कागद चिकटवलेला आहे, त्याच्याखाली काहीतरी आहे. काळोखी_खोली, तो न फाटता कसा सोडवायचा? व्यनि (खासगी निरोप) करते.

काळोखी_खोली
इथेच सांगतो, इतरांनाही उपयोग होईल. स्वतः सोडवू नका. वाफ नको, पाणी नको, सुरी तर नकोच. झाकण बिजागरीतून काढून अख्खं एखाद्या कागदसंवर्धन करणाऱ्याकडे न्या. तोवर झाकण उघडं ठेवून बाजूनं टॉर्च मारून फोटो काढा, तिरक्या उजेडात खालच्या कागदाची कड आणि कधी अक्षरंही उठून दिसतात. आणि फ्रेमचं विचाराल तर मूळ फोटो उलटाच राहू द्या, भिंतीवर सरळ केलेली प्रत लावा.

उगाचच
आणि आत्या?

ताम्हण
आत्याला फोन केला. सगळं सांगितलं, यू २१, आरसा, मोडी, पुसलेला व. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बोट होती ना? मग आई आपटून-आपटून भांडी पोचवत होती तेव्हा एका शब्दानं सांगायला काय झालं होतं त्यांना?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाबांकडे फोन दिला.